पिपरडोहचा कानोसा

खाणीचं छत वाजवून बघतात, हे मला बाराखडी यायच्या आधीपासून ठाऊक होतं. माझे वडील शामराव निमगडे पिपरडोहच्या भूमिगत कोळसा खाणीत सरदार. सरदार म्हटलं की बाहेरच्या माणसाला तलवार आठवते. आमच्याकडे सरदाराच्या हातात काठी असते, पुरुषभर उंचीची, टोकाला पितळी टोपण बसवलेली. पाळी सुरू होण्याआधी सरदार आत जातो, डोक्यावरच्या खडकावर काठी ठोकतो आणि ऐकतो. खणखणीत आवाज आला तर छत एकजीव आहे. भदभद आला तर आतून थर सुटलाय. अशा जागी खडूनं फुली मारायची, सुटलेला दगड पहारीनं पाडून टाकायचा किंवा खाली लाकडी ठेपे उभे करायचे, आणि मगच बाकीच्यांना आत घ्यायचं. थोडक्यात, जे छत अजून कुणीच तपासलेलं नाही त्याच्याखाली पहिला जाणारा माणूस म्हणजे सरदार. बाबांना हे काम शिकवलं त्यांच्या थोरल्या भावानं, माझ्या मोठबाबांनी. ते असंच तपासताना गेले. मी तेव्हा नववीत होते.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी त्या छताखालून बाहेर यावं. पुढे मी जे शिकले, ज्या नोकरीत शिरले, ते सगळं याच हट्टापायी.

मी राज्य यंत्रनिर्णय प्राधिकरणात लोकविश्वास अधिकारी आहे. हुद्दा ऐकून लोक दोन पावलं मागे सरकतात. काम मात्र समजायला सोपं आहे. यंत्रं माणसांच्या जिवाचे निर्णय घेऊ लागली, त्यांतले काही निर्णय भयंकर चुकले, ते झाकले गेले, आणि मग लोकांनी एकाही यंत्रावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं. चांगल्या यंत्रांवरसुद्धा. तेव्हा कायदा आला. असं यंत्र बसवणाऱ्या कंपनीनं यंत्राचा अंदाज आणि प्रत्यक्षात काय घडलं, हे रोज उघड्या फळ्यावर लिहायचं. सरकारनं कंपनीच्या शब्दावर न जाता स्वतः तपासायचं. आणि ज्यांचा जीव त्या यंत्राच्या हाती जाणार, त्यांच्यासमोर सुनावणी घ्यायची. एवढं पार पडलं तर विश्वासमोहोर, म्हणजे माणसाच्या जागी यंत्र वापरायचा परवाना. या कायद्याचा मसुदा झाला तेव्हा मी खालच्या खुर्चीवर होते, पण त्यातलं एक कलम माझं आहे: यंत्र किंवा त्याच्या भरवशावरचं काम थांबवलं, तर का थांबवलं ते दोन तासांच्या आत फळ्यावर लिहायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्या कलमाचा मला फार अभिमान होता.

पिपरडोहला आलेल्या यंत्राचं नाव कंपनीनं ‘कानोसा’ ठेवलं होतं, आणि नाव चांगलं होतं.

खडकावर भार आला की तो एकदम तुटत नाही. आधी आतल्या आत केसाएवढ्या भेगा पडतात आणि प्रत्येक भेग पडताना एक बारीक टिचकी वाजते. माणसाच्या कानाला ती येत नाही. खडकात भोक पाडून संवेदक बसवला तर त्याला येते. पिपरडोहच्या छतात असे चारशे दहा संवेदक बसवले. त्यांनी ऐकलेलं सगळं पुण्याच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या एका प्रणालीकडे जाई. तिला कुणी नियम शिकवले नव्हते. तिच्यापुढे याच संवेदकांची तीन वर्षांची ध्वनिमुद्रणं ठेवली होती आणि सोबत एक यादी: कुठल्या जागेचं छत पुढच्या दोन दिवसांत खाली आलं, कुठलं टिकलं. खाली येणाऱ्या छताच्या आवाजात वेगळं काय असतं, हे तिनं आपलं आपण शोधायचं. तिनं शोधलं. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा तिचं बरोबर येई. धोका दिसला की नकाशावर त्या जागी लाल ठिपका, नाहीतर हिरवा.

बरोबर कशावरून येतं, हे मात्र तिला सांगता येत नसे. या जातीच्या प्रणालींना ते सांगता येतच नाही. म्हणून तर आमच्यासारख्यांची गरज.

मी चौदा महिन्यांची चाचणी लावली. खाणीच्या तोंडाशी मोठा फळा, त्यावर दोन रकाने: सरदार आणि कानोसा. बाबांनी कुठे फुली मारली ते एका बाजूला, यंत्रानं कुठे लाल दाखवलं ते दुसऱ्या. सुरुवातीला लोक हसले. पंपावरचा चरणदास मडावी तर रोज फळ्यासमोर उभा राहून विचारायचा, “मशीनले इचारा नं मॅडम, आज डब्यात भाजी कोनती हाय?” तीन महिन्यांनी त्याचं हसणं थांबलं. सहा महिन्यांनी मी पाहिलं की माणसं आधी कानोसाचा रकाना वाचतात, मग सरदाराचा. चौदा महिन्यांत बाबा आणि यंत्र यांच्यात फरक पडला तो फक्त नऊ वेळा.

सुनावणीच्या दोन दिवस आधी बाबा अंगणात बाज विणत बसले होते. मी समोर जाऊन बसले.

“बाबा, परवा सगळे तुमच्याकडं पाहतील.”

“पाह्यतील.”

“तुम्हाला वाटते तेच सांगा. माझ्यासाठी म्हणून काही सांगू नका.”

त्यांनी दोरी ओढून घट्ट केली. “मशीन चांगली हाय का?”

“चौदा महिने तुमच्या बरोबरीनं चालली. तुम्ही फुली मारली तिथंच तिनं लाल दाखवलं.”

“हौ. माह्यासारखीच चालली,” ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “तुनं पाह्यलं नं सगळं?”

“पाहिलं.”

“मंग झालं.”

त्यांच्या त्या ‘माह्यासारखीच’वर मी थांबायला हवं होतं. मी उठून चहा ठेवायला गेले.

सुनावणी शाळेच्या मैदानावर झाली. सहाशे माणसं होती. पुण्याहून सौमित्र लेले आला होता. कानोसा ज्यांनी बनवला त्यांचा हा मुख्य अभियंता, हुशार आणि मनानं सरळ. त्यानं आलेख दाखवले. लोकांनी ते गुमान पाहिले आणि मग माना बाबांकडे वळल्या. बाबा उभे राहिले. “माह्या पोरीनं सगळं पाह्यलं हाय. मले भरोसा हाय,” एवढंच बोलून खाली बसले. हात वर झाले. मोहोर मिळाली. आमच्या संचालक राजवाडे मॅडमनी बाबांना शाल दिली, आणि आणखी एक्केचाळीस खाणींत कानोसा बसवायचं त्याच व्यासपीठावरून जाहीर केलं. कंपनीच्या माणसानं बाबांची काठी कार्यालयात काचेच्या पेटीत ठेवायला मागितली. “नाही देत. कपडे वाळवाले कामी येते,” बाबा म्हणाले, आणि लोक मनमोकळं हसले.

दुसऱ्या दिवसापासून छत वाजवणं बंद झालं. न तपासलेल्या छताखाली माणूस पाठवायचा नाही, याचसाठी तर सगळा खटाटोप होता. बाबांना वर, दिवे देण्याघेण्याच्या खोलीत काम मिळालं. त्या आठवड्यात मी इतकी निवांत जेवले की आई माझ्याकडे बघत राहिली.

मग फळा हिरवा झाला. आठ दिवस हिरवा, बारा दिवस हिरवा. कंपनीनं पेढे वाटले. पूर्वी आठवड्याला दोन-तीन लाल ठिपके ठरलेले असायचे, म्हणून मी सौमित्रला फोन केला. “उन्हाळा आहे, छतात पाणी नाही, शिवाय नवे बोल्ट मारलेत. छत खरंच सुधारलंय, मॅडम,” तो म्हणाला. उत्तर पटण्यासारखं होतं. पटण्यासारखी उत्तरं मला आवडत होती.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मी दिव्यांच्या खोलीवरून जात होते. बाबा फडक्यानं काचा पुसत होते.

“आज किती लाल?”

“एकही नाही.”

“एकोणीस दिस झाले. एकबी नाही?” त्यांनी दिवा खाली ठेवला. “कोयसा असा नसते, बाई.”

मी कार्यालयात गेले, दार लावलं आणि चाचणीकाळातली ध्वनिमुद्रणं काढली. पुण्यात ती कुणी कानानं ऐकत नाही. तिथे सगळे आकडे आणि आलेख पाहतात. मीही आजवर तेच केलं होतं. लाल ठिपक्यांची पहिली चाळीस मुद्रणं निवडली आणि कानाला हेडफोन लावला.

पाण्याचा थेंब. लांबवर कुठेतरी ट्रॉली. मग टक्. थोडी शांतता. आणि मग टक्, टक्, टक्.

मी दुसरं लावलं. तिसरं लावलं. बाजारात मडकं घेताना, नव्या घराची भिंत पाहताना, मी जन्मभर पाहिलेला हात होता तो. बाबा शंका नसली की एकदा ठोकतात आणि पुढे जातात. शंका आली की थांबतात आणि त्याच जागी सलग तीनदा ठोकतात. चाळीसच्या चाळीस मुद्रणांत तीन ठोके होते. मग मी हिरवी मुद्रणं ऐकली. एक ठोका. एक ठोका. एक ठोका.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

कानोसा खडक ऐकतच नव्हता. तो बाबांची काठी ऐकत होता. दगड फुटण्याच्या टिचकीपेक्षा काठीचा ठोका शेकडो पटींनी मोठा, आणि शिकणारी प्रणाली सोपी खूण सापडली की अवघड खुणेच्या वाटेला जात नाही. तीन ठोके म्हणजे धोका, एवढंच ती शिकली. शिवाय तिला दिलेली यादी! कुठलं छत खाली आलं? बाबांनी जिथे फुली मारली तिथलं, कारण तिथलं आपण पहारीनं पाडत होतो. म्हणजे प्रश्नही बाबांचा आणि उत्तरही बाबांचंच. पुण्याच्या लोकांनी यंत्रांची घरघर, पावलं, ट्रॉल्या, सगळे आवाज गाळले होते. काठी गाळली नाही, कारण काठी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं. मी फाइलमध्ये लिहिलं होतं, ‘चाचणीकाळात छताची पारंपरिक तपासणी सुरू राहील.’ कार्यालयीन मराठीत काठी दिसत नाही. सौमित्रला वाटलं, कुणीतरी टॉर्च मारून बघत असेल. आणि मला वाटलं, छत वाजवतात हे कुणाला सांगायला कशाला हवं? ते तर सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतंच.

खाणीतली माणसं बाबांमुळे विश्वास ठेवत होती. बाबा माझ्यामुळे. मी यंत्रामुळे. आणि यंत्र बाबांमुळे. या सगळ्याच्या खाली टेकू म्हणून काहीच नव्हतं, आणि वर खडक होता.

तीन वाजायला दहा मिनिटं होती. आत शहाऐंशी माणसं होती. मी व्यवस्थापकांना फोन करून खाण थांबवायचा आदेश दिला. त्यांनी कारण विचारलं. “आधी माणसं वर आणा,” मी म्हणाले. सव्वाचारपर्यंत शहाऐंशीच्या शहाऐंशी वर आले. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. आता चार पन्नासच्या आत मला फळ्यावर कारण लिहायचं होतं.

सौमित्रला मी एकच मुद्रण पाठवलं आणि काय ऐकायचं ते सांगितलं. त्याचा पाच मिनिटांत फोन आला. तो म्हणाला, “मी अहवाल लिहून देतो, मॅडम. माझ्या सहीचा. पण दुरुस्त करून शिकवायला आठ महिने तरी लागतील.”

त्यानंतर, सौमित्रकडून सगळं समजल्यावर, राजवाडे मॅडमचा.

“उत्पला, खाण थांबवलीस ते बरोबर केलंस. आता फळ्यावर ‘तांत्रिक देखभाल’ लिही.”

“मॅडम, कलम...”

“कलम मला पाठ आहे. तू माझं ऐक. गेल्या सहा वर्षांत राज्यात अकरा सरदार छताखाली गेले. आठ महिन्यांत खरा कानोसा तयार होईल आणि हे मरण थांबेल. आज तू हे वाचून दाखवलंस तर लोक पुढची वीस वर्षं कुठल्याही खाणीत कुठलंही यंत्र शिरू देणार नाहीत. त्या वीस वर्षांत जे सरदार मरतील, त्यांचं काय सांगशील?”

त्या खोटं बोलत नव्हत्या. अकराही जणांची नावं त्यांना तोंडपाठ होती, हे मला माहीत आहे.

“आणि पंप?” मी विचारलं. खालच्या भागातला पंप सहा तासांहून जास्त बंद राहिला तर खाण बुडते. पंपावर माणूस जावाच लागतो.

“पंपाचा रस्ता जुना आहे, पक्का आहे. फळ्यावरही हिरवंच आहे, कुणी शंका घेणार नाही. तेवढी दोन माणसं जातील आणि येतील. तुझे वडील वरच राहतील, उत्पला. मला माहीत आहे तू या नोकरीत कशासाठी आलीस.”

मी फोन ठेवला आणि दहा मिनिटं तशीच बसले. खोटं कशाला बोलू, त्या दहा मिनिटांत मी ‘तांत्रिक देखभाल’ हे दोन शब्द कागदावर लिहून पाहिले. खरं लिहिलं तर छत तपासायला माणूस लागणार. पिपरडोहमध्ये सरदार दोनच, बाबा आणि तीन वर्षांचा अनुभव असलेला सुखदेव कोवे. म्हणजे बाबाच. ज्या छताखालून त्यांना बाहेर काढायला मी अठरा वर्षं घालवली, तिथे मीच त्यांना परत पाठवायचं होतं. आणि खोटं लिहिलं तर चरणदास मडावी डबा घेऊन हिरव्या ठिपक्यांखालून पंपावर जाणार, आणि त्या हिरव्याचा अर्थ फक्त मला ठाऊक असणार.

मी कागद फाडला.

फळ्यासमोर दोन्ही पाळ्यांची माणसं उभी होती, दीड-दोनशे. मी लिहिलं आणि मग मोठ्यानं वाचलं. “कानोसा यंत्र खडकाचा आवाज ओळखत नाही. ते सरदाराच्या काठीचे ठोके मोजत होतं. ठोके बंद झाल्यापासून एकोणीस दिवस त्यानं दाखवलेला एकही हिरवा ठिपका खरा मानू नये. काठीची माहिती यंत्र बनवणाऱ्यांना देण्याची जबाबदारी लोकविश्वास अधिकारी उत्पला निमगडे यांची होती. त्यांनी ती दिली नाही.”

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

“म्हंजे मॅडम,” चरणदासनं विचारलं, “एकोणीस दिस आमी कोनाच्या भरोशावर होतो?”

“कोणाच्याच नाही,” मी म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, “सरदार, तुमी सांगतलं होतं.”

गर्दी बाजूला झाली. बाबा दिव्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. ते पुढे आले आणि माझ्याकडे न बघता लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

“हौ. सांगतलं होतं,” ते म्हणाले. “खोटं सांगतलं. मले मशीनचं काई समजत नाही. माहा भरोसा पोरीवर होता. दोनी एकच हाय असं तुमाले वाटू देल्लं.”

मला रडू आलं नाही. लाज वाटली, फार लाज वाटली. त्यांच्याबद्दल नाही, स्वतःबद्दल. मी त्यांना ‘माझ्यासाठी म्हणून काही सांगू नका’ म्हणाले होते, आणि ते तेवढ्याचसाठी उठून उभे राहिले होते.

व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिलं. पंप अडीच तास बंद होता. पंपापर्यंतचा रस्ता कुणीतरी तपासायलाच हवा होता.

“मी जातो,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “मशीनची चूक लिहिली नं फळ्यावर?”

“लिहिली.”

“आता माही लिही. माहा डावा कान दोन सालापासून आयकत नाही. डाक्टरच्या तपासणीत मीनं उजव्यावर निभावून नेलं.”

खडू माझ्या हातातच राहिला. मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं. आणि त्याच क्षणी, हेही लिहिते, मला आनंद झाला. कान गेलेल्या माणसाला छताखाली पाठवता येत नाही, नियमच आहे. माझ्या हातात नियम आला होता.

“मग तुम्ही जाणार नाही, बाबा.”

“आधी लिही.”

मी लिहिलं. ‘सरदार शामराव निमगडे यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही.’ लोक वाचत होते. सुखदेव कोवे वाचत होता; त्याचा चेहरा पांढरा पडला होता, कारण आता तो एकटाच उरला होता. बाबा गेली दोन वर्षं एका कानानं या सगळ्यांचा जीव सांभाळत होते, हेही त्यांना आत्ताच समजत होतं. कुणीही त्यांच्या अंगावर धावून गेलं असतं तर मी दोष दिला नसता.

चरणदास पुढे आला. “उजवा तं आयकते नं, सरदार?”

“उजवा आयकते.”

“मंग सुखदेव डाव्या अंगानं चालन. दोघं आयका. दोघाईले पटलं तं मी पाय टाकतो, नाही तं तिथंच बसतो.” त्यानं दिव्यांच्या खोलीच्या खिडकीतून आपला दिवा उचलला आणि टोपीला लावला. “पंप का आपोआप चालू होनार हाय?”

मी व्यवस्थापकांकडे पाहिलं, ते माझ्याकडे. नियमात, कान गेलेल्याला एकट्यानं पाठवू नये, एवढंच होतं. दोघांबद्दल काही नव्हतं. ‘एकट्यानं’ हा शब्द त्यात नसावा, अशी मी प्रार्थना करत होते. पण तो होता.

आत जाण्याच्या परवान्याचा छापील कागद आला. त्यावर ओळ होती, ‘यंत्राने सुरक्षित ठरवलेल्या मार्गाने.’ ती मी खोडली आणि वर हातानं लिहिलं, ‘शामराव निमगडे आणि सुखदेव कोवे यांच्या कानावर भिस्त ठेवून.’ खाली पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव. मी माझं नाव लिहिलं. बाबांनी कागद उलटसुलट पाहिला.

“वेळ लिहाची राहिली,” ते म्हणाले.

पाच बेचाळीस. मी लिहिली. त्यांनी मान हलवली, काठी खांद्यावर टाकली आणि तिघं उताराच्या तोंडातून आत गेले. आधी दिवे दिसत होते, मग तेही दिसेनात.

मी कार्यालयात आले. कानोसाचा पडदा तिथे अजून सुरू होता. तो बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. चारशे दहा ठिपके, सगळे हिरवे. दहा मिनिटं गेली. लोक हळूहळू खिडकीशी गोळा झाले.

आणि मग पंपाच्या रस्त्यावर, त्या जुन्या पक्क्या रस्त्यावर, एक ठिपका लाल झाला.

खिडकीतून कुणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला. सगळ्यांना एकदमच समजलं. बाबा तिथे थांबले होते. तीनदा ठोकलं होतं. आता फुली मारत असतील, बाजूनं वाट काढत असतील. दोन मिनिटं काही नाही. मग त्याच्या पुढचा ठिपका लाल झाला.

चौदा महिने मी हिरव्याची वाट पाहिली होती. आता पडद्यावरची नजर हलवायची माझी हिंमत नव्हती. दुसऱ्या ठिपक्यानंतर बराच वेळ सगळं हिरवं राहिलं, म्हणजे एकेक ठोका किंवा ठोकाच नाही, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या दीडशे माणसांबरोबर मीही पुढचा लाल ठिपका कधी उमटतो त्याची वाट पाहत उभी राहिले.